घरातल्या समजुती : कोणत्या चालू द्यायच्या आणि कोणत्या थांबवायच्या?

रामबागकरीण | ३० ऑगस्ट २०२५

येत्या ७ सप्टेंबरला, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे आणि माझ्या सुनेला सातवा महिना लागला आहे. सासूबाईंचे वय ८६ आहे आणि त्यांनी कालपासूनच नियम सांगायला सुरुवात केली आहे. वेध लागल्यापासून मोक्षापर्यंत अन्नपाणी घ्यायचे नाही, विळी, कात्री, सुई यांना हात लावायचा नाही, अंथरुणावर पाय सरळ ठेवून पडून राहायचे आणि कूस बदलायची नाही. काही चिरले तर बाळाचा ओठ फाटतो आणि काही मुडपले तर त्याचे बोट मुडपते, असे त्या सांगतात. दुपारी एकच्या सुमारास वेध लागतात आणि मध्यरात्री दीडच्या आसपास ग्रहण सुटते, म्हणजे बारा तासांहून अधिक काळ पोरीने असे पडून राहायचे.

हे सगळे मी स्वतः केलेले आहे. २४ ऑक्टोबर १९९५ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्यग्रहण होते आणि मला सहावा महिना होता. आदल्या संध्याकाळी वेध लागले म्हणून लक्ष्मीपूजनाचा प्रसादसुद्धा मी तोंडात घातला नाही. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या खोलीत, खिडकीवर घोंगडी टाकून, मला निजवले होते. घोंगडीला एक बारीक भोक होते आणि त्यातून समोरच्या भिंतीवर उन्हाचा एवढासा कवडसा पडला होता. पाहता पाहता तो गोल कवडसा कोरला गेला आणि बीजेच्या चंद्रासारखा झाला. माझ्या छातीत धस्स झाले. आपल्या हातून ग्रहण पाहिले गेले, असे मला वाटले आणि मी ते कोणालाही सांगितले नाही. पुढचे तीन महिने मी रोज भीत होते. जानेवारीत मुलगा झाला तेव्हा मी आधी त्याचा ओठ पाहिला आणि मग बोटे मोजली. आज त्याच मुलाची बायको गरोदर आहे.

मला सासूबाईंना दुखवायचे नाही आणि सुनेला ती भीती द्यायची नाही. तुमच्या घरात तुम्ही अशा वेळी काय केलेत, कोणत्या समजुतीकडे दुर्लक्ष केलेत आणि कुठे पाय रोवून उभे राहिलात, हे मनापासून विचारते आहे.

पलासियातली डॉक्टर | ३० ऑगस्ट

ताई, ओठाची गोष्ट आधी मिटवू या, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका हाच प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. गर्भाचा वरचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो आणि टाळू नवव्या आठवड्याच्या आसपास. तुमच्या सुनेच्या बाळाचा ओठ कित्येक महिन्यांपूर्वी तयार झालेला आहे आणि आता कोणी चंद्राखाली बसून मणभर भाजी चिरली तरी तो फाटणार नाही. दुभंगलेला ओठ किंवा टाळू जगभरात सुमारे सातशे बाळांमागे एकात आढळतो. आनुवंशिकता, काही औषधे, आईचे धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह अशी त्याची कारणे सापडतात आणि फॉलिक ॲसिडची कमतरता हेही एक कारण मानले जाते. म्हणून आम्ही त्या गोळ्या गर्भ राहण्याच्या आधीपासून घ्यायला सांगतो. ज्या बाळाचा ओठ दुभंगलेला असतो त्याच्या आईला घरचे विचारतात, ‘ग्रहणात काय कापले होतेस?’ हा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकला आहे. ती बाई आयुष्यभर स्वतःला गुन्हेगार समजते आणि शस्त्रक्रियेने ओठ सुरेख जुळल्यावरही तिच्या मनातली ती टोचणी जात नाही.

बारा तास पाण्याशिवाय राहणे मात्र सातव्या महिन्यात खरोखर वाईट आहे. अंगातले पाणी कमी झाले की चक्कर येते आणि कधी कधी अवेळी कळाही येऊ लागतात. मधुमेह असेल तर उपवासाचा धोका आणखी वाढतो.

निवृत्त शास्त्रशिक्षक | ३० ऑगस्ट

रामबागकरीणताई, तुमचा कवडसा वाचून मी थोडा वेळ स्तब्ध बसलो. घोंगडीच्या भोकातून भिंतीवर जे पडले होते ते सूर्याचे चित्र होते. बारीक छिद्रातून आलेला प्रकाश समोरच्या पृष्ठभागावर उगमाची उलटी प्रतिमा उमटवतो. एरवी सूर्य गोल असतो म्हणून कवडसाही गोल दिसतो आणि ग्रहणात सूर्याची कोर उरली की कवडशाचीही कोर होते. त्या दिवशी झाडाखाली उभे राहिले असते तर पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो कोरी दिसल्या असत्या. मी वर्गात पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून मुलांना हेच दाखवत असे, कारण सूर्यग्रहण पाहण्याची ती अगदी निर्धोक रीत आहे. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये हे खरे, पण तो नियम गरोदर बाईइतकाच तिच्या नवऱ्यालाही लागू आहे. चंद्रग्रहणात तर तेवढेही भय नाही. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, इतकेच घडते.

२२ जुलै २००९ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सुरत, बडोदे, इंदूर, भोपाळ असा गेला होता. आषाढी अमावास्येची पावसाळी सकाळ होती आणि सूर्य दिसण्याची आशा थोडीच होती, पण उजाडता उजाडता पुन्हा रात्र झाली आणि पाखरे गप्प झाली, ते मी गच्चीवर उभा राहून अनुभवले. आमच्या गल्लीतली बहुतेक दारे-खिडक्या त्या वेळी बंद होती. आपल्या शहराच्या वाट्याला असा क्षण पुन्हा कधी येईल, कोण जाणे.

सुदामानगरचे आजोबा | ३१ ऑगस्ट

आपण सगळे शिकलेले लोक एका ८६ वर्षांच्या बाईविरुद्ध एकवटलो आहोत, असे मला वाटते. एका रात्रीचा प्रश्न आहे. त्यांच्या मनाला शांती मिळत असेल तर सुनेने खोलीत पडून राहायला काय हरकत आहे? शिवाय जुन्या नियमांमागे शास्त्र होतेच. ग्रहणकाळात अन्नावर सूक्ष्म जंतू वाढतात म्हणून आपले पूर्वज त्यात तुळशीपत्र घालत.

निवृत्त शास्त्रशिक्षक | ३१ ऑगस्ट

आजोबा, आपल्या वयाचा मान राखून सांगतो. भाद्रपदातल्या दमट हवेत सकाळची भाजी रात्री बिघडते, ती ग्रहण असो वा नसो. ग्रहणामुळे जंतू वाढत असते, तर ते दर अमावास्येच्या काळोखातही वाढले असते. रूढी आधी आणि तिचे ‘शास्त्रीय कारण’ मागाहून, ही सवय मला मूळ समजुतीपेक्षाही जास्त काळजीची वाटते, कारण तिच्यामुळे शास्त्राचे नाव घेऊन शास्त्राचीच वाट बंद होते. सासूबाईंचे मन राखावे, याबाबत मात्र मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे.

सांवेरचा शेतकरी | १ सप्टेंबर

उद्या तेजादशमी आहे म्हणून हे लिहितो. माळव्यात ज्यांना साप चावला त्यांना तेजाजी या लोकदेवतेच्या नावाने तांती, म्हणजे दोरा, बांधतात आणि भाद्रपद शुद्ध दशमीला तेजाजींच्या ओट्यावर जाऊन ती सोडतात, हे इथल्या अनेकांनी पाहिले असेल. आमच्या शेतावर पंधरा वर्षांपूर्वी एक सालदार होता. पावसाळ्यात तो खोपटात जमिनीवर झोपला असताना पहाटे दोन-अडीचला पोटात दुखते म्हणून उठला. अंगावर खूण अशी दिसत नव्हती, कानाजवळ डास चावल्यासारखे दोन ठिपके तेवढे होते. कोणीतरी म्हणाले की साप असेल, म्हणून त्याला ओट्यावर नेले. तांती बांधली, कडुनिंबाचा पाला खायला दिला आणि पाला कडू लागतो म्हणाला म्हणून विष चढले नाही असे ठरले. उजाडले तेव्हा त्याच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. झोप अपुरी झाली असेल, असे आम्ही समजलो. मग त्याला थुंकी गिळता येईना. जीपमध्ये घालून इंदूरला आणेपर्यंत वाटेतच त्याचा श्वास थांबला. तो मण्यार होता, हे मला पुढे डॉक्टरांनी समजावले. मण्याराचा दंश दुखत नाही, सुजत नाही, बहुतेकदा झोपेत होतो आणि त्याचे विष नसांवर चालते. वेळेत प्रतिविष आणि श्वासाचे यंत्र मिळाले तर असा माणूस उठून घरी जातो.

ओट्यावर नेलेली माणसे बरी होताना आम्ही पाहिली होती, हे खोटे नाही. पण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापसुद्धा कधी कधी विष न सोडताच चावतो. ती माणसे तशीही वाचणारच होती. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे पुरेसे विष सोडून गेले की मंत्राने कोणी वाचत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांत बहुतेक आमच्यासारखी खेड्यातली होती.

चार वर्षांपूर्वी त्याच सालदाराच्या पुतण्याला नाग चावला. त्या दिवशी मी कोणाशी वाद घातला नाही. ‘तांती बांधा, पण गाडीत बसून बांधा,’ एवढेच म्हणालो आणि १०८ ला फोन लावला. पाय हलू नये म्हणून फळी बांधली, वर दोरी आवळू दिली नाही, चीर देऊ दिली नाही. पोरगा वाचला. दशमीला तो ओट्यावर जाऊन तांती सोडून आला आणि मीही त्याच्याबरोबर नारळ घेऊन गेलो.

पलासियातली डॉक्टर | १ सप्टेंबर

दादा, ‘गाडीत बसून बांधा’ हे वाक्य मी आमच्या प्रशिक्षणात वापरणार आहे. एक भर घालते. बोटातली अंगठी, पायातले जोडवे, कडे लगेच काढावे, कारण घोणस चावली असेल तर सूज भराभर चढते. रक्त तोंडाने ओढू नये आणि साप मारून दाखवायला आणण्यात वेळ घालवू नये. आपल्याकडचे प्रतिविष या चारही सापांवर एकच असते.

मल्हारगंज | २ सप्टेंबर

सापाचा विषय निघाला म्हणून माझा काविळीचा अनुभव. माझे वडील पिवळे पडले तेव्हा आम्ही त्यांना काविळीची माळ घातली. काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठीगाठीने ओवलेली ती माळ सकाळी डोक्यावरून जेमतेम उतरत होती, ती चार दिवसांत छातीपर्यंत आली आणि आठवड्याने बेंबीपर्यंत. माळ वाढते म्हणजे कावीळ उतरते, असे सांगितले होते. एका गृहस्थांनी वडिलांचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले तेव्हा पाणी पिवळेजर्द झाले आणि आम्ही सगळ्यांनी हात जोडले. तीन आठवडे उसाचा रस आणि फुटाणे यांवर त्यांना ठेवले. अखेर ताप भरून थंडी वाजू लागली तेव्हा सोनोग्राफी केली आणि पित्तनलिकेत खडा अडकलेला निघाला.

ओल्या काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते, हे मला नंतर कळले. ती माळ खुंटीला टांगली असती तरी लांबली असती. हाताला आधी झाडाच्या सालीचा रस चोळलेला असला की चुन्याच्या पाण्यात कोणाचाही हात पिवळा रंग सोडतो. दूषित पाण्यातून येणारी साधी कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते आणि त्याचे श्रेय माळेला मिळते. माझे वडील शस्त्रक्रियेनंतर बरे झाले, पण त्या तीन आठवड्यांत त्यांचे चौदा किलो वजन उतरले होते आणि रोज रात्री माळ मोजून ‘आज दोन बोटे वाढली’ असे मीच त्यांना आनंदाने सांगत होतो, ते विसरता येत नाही.

लोकमान्यनगरची | २ सप्टेंबर

ताईंनी १९९५ लिहिले म्हणून त्याच वर्षीची २१ सप्टेंबरची सकाळ आठवली. गणपती दूध पितो, अशी बातमी देशभर पसरली होती. मी नऊ वर्षांची होते. आईच्या हाताला धरून मी देवळाबाहेर दोन तास रांगेत उभी होते आणि चमचा सोंडेला लावला तेव्हा दूध खरोखर कमी झाले. मला रडू फुटले, इतका आनंद झाला होता. पुढे कळले की चमचा किंचित कलला की पृष्ठताणामुळे दूध दगडावर ओढले जाते आणि अतिशय पातळ थराने खाली ओघळते. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून ते दाखवले होते. माझा गणपती त्यामुळे दुरावला नाही. खजराण्याच्या गणपतीला मी आजही जाते.

बडोदेकर | ३ सप्टेंबर

इंदूरच्या मंडळींना बडोद्याहून नमस्कार. कायद्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षे खर्ची घातली, तो त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या हत्येनंतर महाराष्ट्रात झाला. कर्नाटकाने २०१७ मध्ये आणि आमच्या गुजरातेने ऑगस्ट २०२४ मध्ये असा कायदा संमत केला. नरबळी, अघोरी उपचार, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण यांना हे कायदे आळा घालतात. घरातल्या पूजेअर्चेला ते हात लावत नाहीत, हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण तसा गैरसमज फार पसरवला जातो.

झाबुआत नोकरी केलेली | ३ सप्टेंबर

मी आरोग्य विभागात परिचारिका होते. श्वास लागलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या सळीने डाग देतात, हे आपल्या मध्य प्रदेशात झाबुआपासून शहडोलपर्यंत अजून घडते. ते न्यूमोनियाचे बाळ असते. बरगड्यांखाली पोट आत ओढले जाते, तिथेच रोग बसला आहे असे समजून तिथेच डाग देतात. मी अशा एका बाळाच्या पोटावर ओळीने बारा डाग मोजले आहेत. त्याच्या आईचा राग मला आला नाही. दवाखाना अठरा किलोमीटरवर होता आणि डाग देणारी म्हातारी शेजारच्या झोपडीत होती.

ग्वाल्हेरवासी | ४ सप्टेंबर

उज्जैनला राजाने रात्री मुक्काम करू नये, कारण तिथला राजा महाकाल, ही समजूत आमच्या ग्वाल्हेरपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. मोठमोठे नेते संध्याकाळी तिथून निघून जात. डिसेंबर २०२३ मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव, जे स्वतः उज्जैनचेच आहेत, तिथे रात्री राहिले आणि त्यानंतरही मुख्यमंत्री राहिले. एकाने करून दाखवले की समजुतीची पकड सैल होते, हे घराघरांतही खरे आहे.

राजेंद्रनगरची सून | ४ सप्टेंबर

मला सुदामानगरच्या आजोबांना उत्तर द्यायचे आहे. ‘एका रात्रीचा प्रश्न आहे, काय हरकत आहे?’ असे विचारताना ती रात्र नेहमी कोणाच्या वाट्याला येते, ते पाहावे. ग्रहणात घरातल्या पुरुषाला कोणी कूस बदलू नकोस म्हणत नाही. लोणचे खराब झाले की घरात पहिला संशय पाळी आलेल्या मुलीवर जातो, बरणीत गेलेल्या ओल्या चमच्यावर जात नाही. माझे यजमान गेल्यानंतर चैत्रातल्या हळदीकुंकवाला मला जे घर दर वर्षी बोलवायचे, त्या घरातून निरोप आला नाही. कोणी वाईट बोलले नाही, भांडण झाले नाही. पन्हे आणि आंब्याची डाळ शेजारणीने संध्याकाळी डब्यात घालून आणून दिली. तो डबा मी दोन दिवस उघडला नाही. अशा समजुतीने कोणाचा जीव जात नाही, म्हणून तिला निरुपद्रवी म्हणतात. तिन्हीसांजेला केर काढू नये ही समजूत राहू द्या, कारण तिच्यामुळे कोणी उपाशी राहत नाही आणि कोणाला दाराबाहेर ठेवले जात नाही. माझी कसोटी एवढीच आहे.

सुदामानगरचे आजोबा | ५ सप्टेंबर

बाई, तुमचे लिहिणे मी दोनदा वाचले. आमच्या घरी येत्या चैत्रात हळदीकुंकू आहे. आमच्या सौभाग्यवतींच्या धाकट्या बहिणीला गेली सहा वर्षे आम्ही त्या दिवशी बोलावत नाही. या वर्षी बोलावू.

ताईंसाठी एक गोष्ट सांगतो, कदाचित उपयोगी पडेल. मी पंचांग पाहणारा माणूस आहे. बालक, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांच्यासाठी पंचांगातच वेधाचा काळ पुष्कळ कमी दिलेला असतो. सासूबाई पंचांग मानत असतील, तर त्यांना ती ओळ दाखवा.

रामबागकरीण | ८ सप्टेंबर

सर्वांची उत्तरे वाचत होते. कालची रात्र पार पडली, म्हणून लिहायला बसले आहे.

परवा गणपती पोचवून आल्यावर मी सासूबाईंजवळ बसले आणि आजोबांनी सांगितलेली ओळ त्यांना पंचांगात दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाल्या, ‘वेध कमी असतील, पण ग्रहण ते ग्रहणच.’ मग ओठ कधी जुळतो ते सांगितले. त्यावरही त्या काही बोलल्या नाहीत. शेवटी मी तीस वर्षे पोटात ठेवलेली कवडशाची गोष्ट सांगितली. घोंगडीचे भोक, भिंतीवरची कोर आणि मुलगा जन्मेपर्यंत रोज रात्री देवापुढे मागितलेली क्षमा, हे सगळे सांगितले. सासूबाई बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तीन महिने एकटीच भ्यालीस? मला सांगायचंस की गं. माझ्या वेळी मीपण दारातून डोकावले होते.’ त्यांच्या पोटात तेव्हा माझे यजमान होते. हे त्यांनीही आजवर कोणाला सांगितले नव्हते.

काल सुनेने दुपारी आणि रात्री नेहमीसारखे जेवण केले, लोहाच्या गोळ्या घेतल्या आणि डाव्या कुशीवर झोपली. रात्री साडेअकराला तिला तहान लागून जाग आली तेव्हा मी उठायच्या आत सासूबाई भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेल्या होत्या. त्यांनी माठातले पाणी भांड्यात ओतले, त्यात तुळशीचे पान टाकले आणि स्वतःच्या हाताने तिला दिले. विळी मात्र त्यांनी दुपारीच फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवून दिली होती. ती मी आज सकाळी काढून घेतली.